हलका क्लच

सकाळचा उजेड आमच्या स्वयंपाकघरात एकाच खिडकीतून येत असला, तरी तो एका जातीचा नसतो. पूर्वेची ती खिडकी वडिलांनी दुकानात उरलेल्या तुकड्यांची केलेली आहे. काचवाल्याच्या घरात एक अख्खी काच नाही, म्हणून आई त्यांना लग्नापासून टोमणे मारत आली आहे. वरचा तुकडा दुधी आहे. उजेड आधी तिथे येतो, आणि बराच वेळ त्याला आकारच नसतो. आपण पांढरी आहोत हे भिंतीला हळूहळू आठवू लागावे तसे काहीतरी होते, इतकेच. मग रेघांच्या काचेतून तो उतरतो आणि ओट्यावर बारीक पट्टे उमटतात. त्याच्या खालची काच फार जुनी आहे, कुठल्या तरी पाडलेल्या इमारतीतून आलेली. तिच्या आत हवेचे बुडबुडे अडकलेले आहेत. उजेड त्यांच्यापाशी पोचला की भांड्यांवर लहान लहान, काठाशी सावली असलेले ठिपके पडतात, आणि रस्त्यावरून एखादा ट्रक गेला की ते सगळे एकदम शहारतात. सगळ्यांत शेवटी तो साध्या काचेतून टेबलावर येतो. तिथे वडिलांचा डावा हात ठेवलेला असतो. हात ठेवलेला असतो असेच म्हणायला हवे, कारण तो आणून ठेवण्याचे काम उजव्या हाताने केलेले असते. उजेड आधी नखांवर चढतो, मग बोटांवरच्या जुन्या, पांढऱ्या पडलेल्या कापांवर, मग मनगटाच्या हाडावर. मी चहा पिता पिता ते पाहत असतो. वडील पेपर वाचत असतात आणि मी पाहतो आहे हे त्यांना ठाऊक असते. त्या सकाळी त्यांची करंगळी हलली. मी कप खाली ठेवला. पण पाठोपाठ भांड्यांवरचे ठिपकेही हलले, खिडकीची चौकट गुणगुणली, आणि एक ट्रक कोपऱ्यावर गिअर बदलून निघून गेला.

“काय बघतोयस?” पेपरातून मान वर न करता वडिलांनी विचारले.

“काही नाही.”

“काही नाही तर चहा गार कशाला करतोस?”

मी जिना उतरून खाली आलो. जिन्याखालच्या तिरप्या जागेत गाडी, म्हणजे जुनी मोटरसायकल, उभी असते. माझ्या जन्माआधी कितीतरी वर्षे बनलेली, एका सिलिंडरची, लांब नाकाच्या टाकीची. वडिलांनी ती भंगारवाल्याकडून आणली तेव्हा तिच्या हेडलाइटमध्ये पाखरांनी घरटे केले होते. रोजच्याप्रमाणे मी आधी क्लच हातात दाबून धरला आणि इंजिन चालू न करता नुसत्याच दोन-चार किका मारल्या. रात्रभर उभ्या राहिलेल्या जुन्या गाडीच्या क्लचप्लेटा तेलाने एकमेकींना चिकटून बसतात. त्यांना आधी सोडवावे लागते, नाहीतर पहिल्या गिअरला गाडी हिसका देऊन पुढे उडी मारते. मला गाडीच्या सगळ्या कामांत हे काम जास्त आवडते. ज्याला अजून जाग आलेली नाही अशा कुणाला तरी मोठ्याने हाक न मारता उठवण्यासारखे ते आहे. मग इंजिन सुरू झाले, आणि मी कामावर जायला, रस्त्याच्या कडेकडेने, नेहमीसारखा हळू निघालो. नदीवरच्या पुलाला लागून जो लांब चढ आहे त्यावर पाण्याचा टँकर रांगत होता. त्याला ओलांडावे म्हणून मी मूठ पिळली. इंजिनचा आवाज चढला, चढत गेला, पार किंचाळण्याच्या बेतात आला; आणि गाडी होती तिथेच, होती त्याच चालीने जात राहिली. आवाज आणि वेग यांची फारकत झाली. क्षणभर मला असे वाटले, की किंचाळणारी वस्तू दुसरीकडेच कुठेतरी आहे आणि मी नुसता एका मुक्या लोखंडावर बसलेलो आहे. मागून सायकलवर एक दूधवाला आला, माझ्या बरोबरीने जरा वेळ चालला, गाडीकडे खालीवर पाहून म्हणाला, “ढकलू का थोडी?” आणि पुढे निघून गेला.

इंजिन फिरते पण ती ताकद चाकापर्यंत पोचत नाही, प्लेटा एकमेकींवरून नुसत्या घसरत राहतात. याला क्लच स्लिप मारणे म्हणतात. ज्याने नवा पिस्टन आणि नव्या रिंगा टाकून इंजिन बांधले आहे, आणि जो ते इंजिन मुरवतो आहे, त्याच्या बाबतीत ही गोष्ट जास्त वाईट. नवे इंजिन मुरायला त्याच्यावर बेताचा भार यावा लागतो. फार पिळले तर पिस्टन जाम होतो; आणि फार लाडावले, भारच पडू दिला नाही, तर रिंगा सिलिंडरच्या भिंतीशी कधी जुळतच नाहीत, भिंत काचेसारखी गुळगुळीत होऊन बसते आणि गाडी जन्मभर तेल पिते, निळा धूर सोडते. हे सारे मला वडिलांनी सांगितले होते. “पळवायचं नाही आणि कुरवाळायचंही नाही,” ते म्हणाले होते, “पोरासारखंच आहे ते.” तेव्हा त्यांचे दोन्ही हात चालत होते.

ज्या दिवशी सिलिंडर रिबोर होऊन, म्हणजे नव्या पिस्टनच्या मापाने आतून कोरून, घरी आला, त्याच्या दुसऱ्याच सकाळी वडिलांच्या हातून दाढीचा मग पडला. मी न्हाणीघराच्या दाराशी टॉवेल घेऊन उभा होतो. मग पडण्याचा आवाज मला आठवत नाही. त्यानंतर त्यांनी जे केले ते आठवते. ते खाली वाकून, पडलेल्या मगाकडे न पाहता, स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहत राहिले, जणू दुकानातल्या कुणा नव्या माणसाने अक्षम्य हलगर्जीपणा केला होता. काच कापताना उजव्या हातात हिऱ्याचे टोक असते, ते लोकांना दिसते; पण खरे काम डाव्या हाताचे, असे ते सांगत. डावा हात पट्टी दाबून धरतो. पट्टी केसभर सरकली तर रेघ वाकडी, आणि रेघ वाकडी तर काच वाटेल तिथे तडकते. अर्धांगाच्या त्या झटक्यातून बोलणे परत आले, पाय परत आला, चेहऱ्याची एक बाजू खाली ओघळली होती तीही सावरली. हाताविषयी घरात वेगळेच शब्द वापरले जाऊ लागले. आई म्हणे, हात रुसलाय. शेजारी म्हणत, हात जरा जड आहे. मी काहीच म्हणत नसे. मी एवढेच म्हणालो होतो, दवाखान्यातून घरी येताना, टॅक्सीत, खिडकीबाहेर पाहत: “बाबा, इंजिन मी आणि फिटरकाका जोडतो. मुरवतोही मीच. तोवर तुमचा हात येईल. मग तुम्ही चालवा.” वडिलांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. ती उजव्या हाताची होती.

फिटरकाका हे वडिलांचे जुने मित्र. त्यांचे गॅरेज बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे आणि त्यांना कुणाचाही आजार यंत्राच्या भाषेतच कळतो. मी कानाच्या दवाखान्यात लोकांचे ऐकणे तपासण्याचे काम करतो, म्हणून त्यांनी माझे नाव ‘कानवाले साहेब’ पाडले आहे. दूधवाल्याने ढकलण्याची तयारी दाखवल्याच्या त्या दिवशी मी संध्याकाळी थेट त्यांच्याकडे गेलो.

“स्लिप मारतोय,” मी म्हणालो.

“कानवाले साहेब, अहो, आवाज तुम्हाला कळतो, आम्हाला गाडी कळते. केबल बघितली का? लिव्हरला जरा ढील पाहिजे. ढील नसली की क्लच अर्धा दाबलेलाच राहतो.”

“ढील आहे.”

“मग तेल. कारचं तेल ओतलंत की काय चेनकेसमध्ये? भलतं गुळगुळीत असतं ते. प्लेटा पार घसरगुंडी खेळतात.”

“तुम्हीच दिलं होतंत तेल.”

काकांनी कानामागची बिडी काढली, पाहिली आणि परत ठेवली. “मग तेल बरोबर आहे,” ते म्हणाले. “प्लेटा काढा. पेट्रोलमध्ये धुवा. आणि एक सांगा, किती दिवस पाळण्यात ठेवणार आहात हिला? बारसं होऊन पार दाढी यायची वेळ झाली. इंजिन कधीच मुरलं असायला पाहिजे होतं.”

मी दोन दिवसांनी, सुट्टीच्या सकाळी, क्लचच्या बाजूची चेनकेस उघडून प्लेटा धुतल्या. एकेक प्लेट पेट्रोलमधून काढून उन्हात वर्तमानपत्रावर मांडताना त्यांचा जळका, कडवट वास बोटांना लागला. त्या फार जळलेल्या नव्हत्या. मी त्या परत एकावर एक बसवल्या, प्रेशर प्लेट बसवली, प्लेटा एकमेकींवर दाबून धरणाऱ्या स्प्रिंगा घातल्या आणि त्यांचे नट फिरवत आणले. आणि जिथपर्यंत ते आवळायला हवेत त्याच्या बरेच अलीकडे, जिथे ते पहिल्यापासून होते तिथेच, थांबलो. धुणे, पुसणे, मांडणे, वाळवणे हे सारे मी ज्या एका गोष्टीला हात लावायचा नाही म्हणून करत होतो, ती गोष्ट माझ्यासमोर होती. क्लच का घसरतो हे मला चढावरच्या त्या पहिल्या किंचाळीआधीही माहीत होते. स्प्रिंगा मीच ढिल्या ठेवल्या होत्या.

ती संध्याकाळ अशी. इंजिन जोडून झाले होते, काका हात धुऊन घरी गेले होते, आणि आई वडिलांना धरून धरून जिना उतरवून खाली घेऊन आली होती. ते गाडीवर बसले. मी हँडल धरून उभा होतो. त्यांनी उजव्या हाताने डावा हात उचलला, मुठीवर ठेवला, एकेक बोट लिव्हरवर आणून अडकवले, जसे दुकानात एखादी फार महाग काच दोन्ही बाजूंनी कागद लावून रॅकमध्ये उभी करावी. मग त्यांनी दाबले. लिव्हर थोडासा आला आणि थांबला. त्यांच्या मानेची शीर फुगली. आईने पदर दाताखाली धरला होता. “स्प्रिंगा नव्या आहेत ना, कडक आहेत,” मी म्हणालो, “बसतील. मी जरा बघतो.” त्यांना वर पाठवून मी चेनकेस पुन्हा उघडली आणि नट मागे घेतले. लिव्हर दाबून पाहिला, अजून मागे घेतले. माझ्या करंगळीने लिव्हर येईपर्यंत मी ते मागे घेत गेलो. दुसऱ्या दिवशी वडील पुन्हा बसले, पुन्हा बोटे अडकवली, आणि लिव्हर सरळ मुठीला जाऊन टेकला. “आला की,” आई म्हणाली, आणि वळून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. वडिलांनी लिव्हर सोडला. पुन्हा दाबला. मग माझ्याकडे पाहून हसले. त्या हसण्यात काहीतरी एक होते, जे मी तेव्हा आनंद समजून घेतले, कारण मला तेच हवे होते.

माझ्या कामाच्या जागी एक लहान खोली आहे. तिच्या भिंतींना आतून जाड, मऊ अस्तर आहे, दार बंद केले की बाहेरचे जग पार पुसले जाते. तपासणीला आलेला माणूस आत बसतो, कानांवर हेडफोन घालतो, हातात एक बटण घेतो. काचेपलीकडे मी बसतो आणि त्याच्या कानात आवाज सोडतो, आधी मोठा, मग लहान, मग आणखी लहान. ऐकू आला की त्याने बटण दाबायचे, माझ्याकडे दिवा लागतो. हे काम माझ्यासारख्या माणसाला बरे. दिवसभर माणसांसमोर बसायचे आणि फारसे बोलायचे नाही. पण गेली काही वर्षे मी एक पाहत आलो आहे. आवाज लहान होत होत एका जागी संपतो, त्याच्यापुढे मी काहीच सोडलेले नसते, नुसती शांतता असते. आणि तरीही दिवा लागतो. पुन्हा लागतो. काचेपलीकडे एक म्हातारा माणूस डोळे घट्ट मिटून, मान पुढे काढून बसलेला असतो, आणि जे नाही ते ऐकण्याची पराकाष्ठा करत असतो. त्याला खोटे बोलायचे नसते. आपण नापास होऊ नये एवढेच त्याला वाटत असते. त्याच आठवड्यात असे एक जोडपे आले होते. बाई म्हणाल्या, “ह्यांना सगळं ऐकू येतं हो. फक्त माझं येत नाही.” गृहस्थ म्हणाले, “तुझं ऐकू येत नाही असं नाही, ऐकावंसं वाटत नाही.” दोघेही हसले. मग गृहस्थ आत जाऊन बसले, आणि मी आवाज बंद करून हात मांडीवर ठेवला तरी माझ्यासमोरचा दिवा लागत राहिला. बाहेर आल्यावर त्यांनी विचारले, “कसं आहे?” मी म्हणालो, “छान प्रयत्न केलात. बघू या पुढच्या वेळी.” ते सगळ्यांनाच म्हणायचे वाक्य आहे. ते म्हणताना आपली नजर कुठे ठेवायची हेसुद्धा आम्हाला सरावाने कळते: टेबलाच्या कडेवर.

आणि आमच्याकडे दर आठवड्याला येणाऱ्या व्यायामाच्या ताई वडिलांच्या मुठीत ते पकड मोजायचे यंत्र देत, “दाबा, दाबा, अजून दाबा काका,” म्हणत, काट्याकडे पाहत, यंत्र पिशवीत ठेवत आणि म्हणत, “छान. बघू या पुढच्या वेळी.” त्यांची नजर टेबलाच्या कडेवर असे. मी ते दाराशी उभा राहून पाहिले होते. पाहिले आणि गाडीच्या केबलला तेल घालायला खाली निघून गेलो.

असे ते दिवस होते. मी गाडी चालवत होतो, हळू, सपाट रस्त्याने, चढ टाळून, गल्ल्यांतून वळसे घेत. लोकांना वाटे हा पोरगा यंत्राला किती जपतो. खरे तर इंजिन मुरू नये असे मला वाटत होते. ते मुरले की माझे काम संपणार, आणि किल्ली वडिलांच्या हातात द्यावी लागणार. जोवर गाडी मुरते आहे तोवर हातही यायचा आहे, दोन्ही गोष्टी अजून रस्त्यात आहेत, पोचायच्या आहेत. कधी कधी सकाळी रिकाम्या रस्त्यावर, इंजिनच्या त्या संथ, एकेका ठोक्याच्या आवाजात, मला लहानपणीचे वडील दिसत. कानावर पेन्सिल खोचलेले, मोठ्या काचेवर ओणवे झालेले; काचेत त्यांचेच उलटे प्रतिबिंब, आणि दोघे एकमेकांच्या हाताला हात लावून उभे. रेघ मारली की ते श्वास रोखत, काचेखालून बोटाने हलके ठोकत, आणि मग तो आवाज येई, कुणी जीभ टाळ्याला लावून सोडावी तसा. दोन्ही तुकडे सरळ वेगळे होत. मी टाळ्या वाजवत असे. सायलेन्सरमधून आता बारीक निळा धूर येऊ लागला होता. मी तो आरशात पाहत असे आणि थंडीमुळे आहे असे स्वतःला सांगत असे.

एका रविवारी वडील शर्टावर कोट चढवून, बूट घालून टेबलाशी बसलेले होते.

“आज मला मागे बसव,” ते म्हणाले.

आई ओट्यापाशी थबकली. “अहो, भलतंच काय. पडाल.”

“पडलो तर काच नाहीये मी.”

“काच असता तर बरं होतं. कागदात गुंडाळून ठेवलं असतं घरात.”

“इतकी वर्षं तेच करतेयस.”

ते जिना स्वतः उतरले, भिंतीला उजवा खांदा घासत. मागे बसल्यावर त्यांनी डावा हात उचलून कोटाच्या खिशात ठेवला, वाऱ्याने लोंबकळू नये म्हणून, आणि उजवा माझ्या खांद्यावर. मी इतका हळू निघालो की कोपऱ्यावरचा कुत्रासुद्धा उठला नाही. बाजाराच्या मागून, शाळेच्या भिंतीकडेने मी नेहमीच्या सपाट रस्त्याला वळणार, तोच माझ्या खांद्यावरची बोटे घट्ट झाली. “पुलाकडे घे.” मी हँडल वळवले. पुलाचा चढ समोर आला. अर्ध्या चढापर्यंत गाडीने कसेबसे ओढले. दोघांचे वजन होते. मग तो आवाज सुटला, वर गेला, आणि आम्ही जागच्या जागी, मुंगीच्या चालीने, त्या किंचाळीच्या आत बसून राहिलो. जळका वास आला. “घे बाजूला,” वडील म्हणाले. आवाज शांत होता, दुकानात गिऱ्हाइकाला ‘ही काच या मापाची नाही’ असे सांगताना असे तसा.

कठड्याला गाडी लावून मी उभा राहिलो. ते कठड्याला टेकले. खाली नदीचे पाणी फारसे हलत नव्हते.

“स्प्रिंगा ढिल्या आहेत,” ते म्हणाले.

“काका म्हणतात प्लेटा—”

“फिटरला तू उघडून दाखवलंस का?”

“नाही.”

“का?”

मी पाण्याकडे पाहत राहिलो.

“लिव्हर हातात आला ना,” ते म्हणाले, “त्याच दिवशी मला कळलं. एवढा हलका क्लच असतो का कुठे? चमच्यासारखा आला हातात.”

“मग बोलला का नाहीत?”

एक बस गेली, पुलाचा लोखंडी सांधा तिच्या चाकांखाली दोनदा वाजला. “तुझा चेहरा बघितला,” ते म्हणाले. “आणि तुझी आई. ती भिंतीकडे तोंड करून रडत होती. म्हटलं राहू दे. चार दिवस राहू दे. म्हटलं हा पोरगा चढाला लागेल तेव्हा आपोआप आवळेल. तू चढच सोडून दिलास.” ते थोडे हसले. “आणि धूर सोडतेय ती. वरून खिडकीतून दिसतो मला. मी तेवढ्यासाठीच उठून उभा राहतो रोज. इंजिन मारशील अशानं.”

“ताई म्हणतात, अजून—”

“ताई चांगली मुलगी आहे,” वडील म्हणाले. मग, अगदी हळू: “तुझ्या आईला अजून वाटतं. रोज तेल लावते. मला तिला सांगवत नाही.”

आम्ही उतारावरून इंजिन बंद करून, नुसते घरंगळत मागे आलो. घराच्या आवारात मी चेनकेसची टोपी उघडली. मध्ये खाच घासलेला स्क्रूड्रायव्हर वडिलांनीच केव्हातरी बनवला होता, स्प्रिंगांच्या नटांसाठी. मी तो हातात घेतला, तर त्यांनी उजवा हात पुढे केला. मी दिला. ते स्टुलावर बसले, गुडघ्याने गाडीला टेकू दिला, आणि एकेक नट आवळू लागले. थोडा हा, थोडा समोरचा, मग बाजूचा, पुन्हा पहिला. एक नट जास्त आणि एक कमी झाला तर प्लेट तिरपी उचलते, मग ती एका बाजूने धरते आणि एका बाजूने सोडत नाही. त्यांचा डावा हात खिशातच होता. एकदा स्क्रूड्रायव्हर निसटला आणि त्या खिशातल्या हाताने काही केले असते तर तो सावरला असता. तो जमिनीवर पडला. मी वाकलो. “राहू दे,” ते म्हणाले, स्वतः वाकले, उचलला, पुसला. आवळताना ते श्वास रोखत होते. त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि मला ते कितीतरी महिन्यांत इतके स्वस्थ दिसले नव्हते.

“दाब आता,” ते म्हणाले.

मी लिव्हर दाबला. ते किक हाताने ढकलून प्लेट फिरताना पाहत होते, डोळे बारीक करून, जशी ते काचेची कड उजेडासमोर धरून पाहत. “अजून थोडा डावीकडचा,” ते स्वतःशीच म्हणाले. मग, “आता?”

“जड आहे.”

“असाच असतो,” ते म्हणाले. “तुझ्या हाताला येतोय ना?”

“येतोय.”

“मग झालं.” त्यांनी स्वतः लिव्हरला हात लावला नाही. मी त्याची वाट पाहत होतो. हँडल त्यांच्या अगदी जवळ होते, आणि ते गुडघ्यावरच्या चिंधीला बोटे पुसत राहिले.

आम्ही पुन्हा पुलावर गेलो. चढ लागला तसे मी मूठ पिळली, आणि पहिल्यांदाच, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, इंजिनने जे म्हटले ते चाकाने केले. टाकी माझ्या गुडघ्यांत थरथरली, छातीवर वारा आला, मागचे वजन माझ्या पाठीशी रेलले. माझ्या डोळ्यांत पाणी आले ते वाऱ्याने होते, आणि वाऱ्याने नव्हतेही. वडील कानाशी ओरडले, “असू दे! भार घेऊ दे तिला!” मी भार घेऊ दिला. पुलाच्या माथ्यावर, जिथून शहराची सगळी पत्र्यांची छपरे एकदम दिसतात, तिथे ते ओरडायचे थांबले आणि त्यांची हनुवटी माझ्या खांद्याला टेकली. परत येईपर्यंत ती तिथेच होती. आरशात धूर अजून होता. तो जाईल की राहील, हे आता बरेच दिवस कळणार नव्हते.

आई आवारात उभी होती. तिने आधी वडिलांचे दोन्ही पाय पाहिले, मग चेहरा, मग सुटकेचा श्वास टाकून तिने त्यांच्या कोटावरची धूळ झटकली. “नाक बघा कसं लाल झालंय. कुठवर गेला होता? चढ चढली का?”

“चढली,” वडील म्हणाले.

“बघा. मी म्हणत नव्हते? आता एवढा महिना तेल लावू नीट. मग पुढच्या महिन्यात तुम्ही बसा पुढे आणि हा बसेल मागे.” तिने खिशातून त्यांचा डावा हात बाहेर काढला, आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि चोळू लागली. “गार पडलाय नुसता.”

वडिलांनी माझ्याकडे पाहिले. त्यांनी भुवई उंचावली नाही, मान हलवली नाही, काहीच मागितले नाही. इंजिन बंद झाले होते आणि गरम लोखंड निवताना होणारा बारीक टकटकाट तेवढा ऐकू येत होता. माझ्या डाव्या तळहाताला लिव्हरने ठणका लागला होता. मी कधीच कुणाला काही सांगितलेले नाही. मी आवाज सोडतो आणि वाट पाहतो. आई हात चोळत होती, एकेक बोट वेगळे करून, आणि बोलत होती.

“आई,” मी म्हणालो.

“काय रे?”

“बाबांचा हात आता बरा होणार नाही.”